फाईल कोण मागतं? ठिसूळ मणका आणि पिलाटेसच्या शिक्षिकेची निवड : एक प्रकरण अभ्यास

बाई ५८ वर्षांच्या, कोथरूडच्या, माध्यमिक शाळेत गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत सगळे ‘बाई’च म्हणत, मीही तेच म्हणते.) पाळी ४६व्या वर्षी गेली. आईला उतारवयात पोक आलं होतं आणि शेवटी खुब्याचं हाड मोडलं होतं. बाईंची स्वतःची तक्रार पाठीच्या मधोमध दुखण्याची. उभ्याने पोळ्या लाटताना ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे २.८ आला, खुब्याचा उणे २.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लिहून दिलं, पाठीचे स्नायू मजबूत करा म्हणाले आणि बाईंना माझ्याकडे पाठवलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करते.

तपासताना मी उंची विचारली. बाई म्हणाल्या, ‘पाच फूट दोन इंच, स्थळं बघत होते तेव्हाच्या कागदावर तसंच लिहिलं होतं.’ भिंतीला उभं करून मोजली तर १५२.५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. स्थळाच्या कागदावर उंची अर्धा इंच चढवून लिहितात हे धरलं तरी साडेतीन सेंटिमीटरहून जास्त घट होतेच. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटरच्या आसपास घट दिसली की मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढावा असा संकेत आहे. मणक्याची बरीच फ्रॅक्चरं गाजावाजा न करता होतात, माणूस त्याला ‘पाठ धरली’ म्हणतो आणि बाम लावतो. बाईंच्या एक्स-रेत बारावा पाठीचा मणका, म्हणजे डी-१२, पुढच्या बाजूने साधारण पाचव्या हिश्शाने चेपलेला निघाला. जुना होता, भरून आलेला होता, पण फ्रॅक्चर ते फ्रॅक्चरच. मग उपचारच बदलले. डॉक्टरांनी आधी व्हिटॅमिन डी भरून काढलं, दात आणि मूत्रपिंडं तपासून घेतली आणि हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सुरू केलं. व्यायामाला हरकत नाही असं त्यांच्याकडून लेखी घेतलं.

इथपर्यंत सरळ होतं. पण बाईंची मुलगी टोरांटोला असते. तिथे ती आठवड्यातून तीनदा रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंगांना जोडलेली सरकती गाडी असलेल्या यंत्रावर, पिलाटेस हा व्यायामप्रकार करते, आणि आईने तेच करावं असा तिचा हट्ट. बाईंनाही क्लिनिकमधल्या रबरी पट्ट्यांचा कंटाळा आलेला. त्यांनी विचारलं, ‘पिलाटेस चालेल का?’ मी म्हटलं, चालेल, पण कुणाकडे ते आधी ठरवू.

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कारण पिलाटेस शिकवतो असं कुणीही म्हणू शकतं, अगदी कायदेशीररीत्या. जोसेफ पिलाटेस हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला माणूस. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये नजरकैदेत होता, पुढे १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला गेला आणि पत्नी क्लारासोबत त्याने तिथे व्यायामशाळा चालवली. तिथे नर्तकांची रीघ लागे. तो स्वतः आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा. त्याच्यानंतर शिष्यांच्या शाखा झाल्या, नावावरून भांडणं झाली आणि ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की ‘पिलाटेस’ हे योगासारखंच एका व्यायामप्रकाराचं सर्वसामान्य नाव आहे, कुणा एकाचा ट्रेडमार्क नाही. निकाल रास्तच होता. पण त्यामुळे पाटीवरच्या शब्दावरून आतल्या माणसाचं शिक्षण कळेनासं झालं. आपल्याकडे तर व्यायाम शिकवायला सरकारी परवानाच लागत नाही. फिजिओथेरपिस्टला महाराष्ट्रात कौन्सिलची नोंदणी लागते, पिलाटेसच्या शिक्षकाला कसलीच नाही.

त्यामुळे एकाच नावाच्या प्रमाणपत्रांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शनिवार-रविवारी मॅटवरचे व्यायाम शिकून सोमवारी वर्ग घेणारे आहेत. आणि मॅट, रिफॉर्मर, कॅडिलॅक, चेअर, बॅरल अशा सगळ्या साधनांवर वर्ष-दीड वर्ष शिकून, दुसऱ्यांचे तास बघून, हाताखाली शिकवून मग प्रमाणपत्र मिळवणारेही आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेला बसायला किमान ४५० तासांचं प्रशिक्षण लागतं. स्टॉट, बासी, पोलस्टार, बॅलन्स्ड बॉडी ही नावं प्रमाणपत्रावर दिसली तर बरंच, पण यांतल्या बहुतेक संस्थांचे नुसत्या मॅटचे छोटे अभ्यासक्रमही असतात. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा ‘किती तास, कोणती साधनं’ हे विचारलं की लवकर उलगडा होतो.

बाईंच्या बाबतीत आणखी एक मुद्दा होता, आणि मला त्याचीच धास्ती होती. पिलाटेसने १९४५ साली छापलेल्या ३४ मॅट व्यायामांपैकी बरेचसे पाठ गोल करून करायचे आहेत. हंड्रेड, रोल अप, चेंडूसारखं लोळणं, टीझर, नेक पुल. निरोगी मणक्याला ते छान. ठिसूळ मणका पुढे वाकवला की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो, आणि चेपतो तो नेमका तिथेच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सिनाकी आणि मिकेलसन यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका, वय ४९ ते ६०. ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले त्यांच्यापैकी १६ टक्क्यांना पुढच्या काळात नवीन फ्रॅक्चरं दिसली. ज्यांनी पुढे वाकण्याचे केले त्यांच्यात ८९ टक्क्यांना. काहीच न करणाऱ्यांत ६७ टक्के. अभ्यास जुना आणि लहान आहे, त्यावर आक्षेपही घेता येतील. तरी डी-१२ आधीच चेपलेल्या बाईला पोटाचे क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचे व्यायाम, देणाऱ्याने तो वाचलेला असावा एवढी अपेक्षा मी धरते. वाकून-पिळून करायच्या हालचालींचंही तेच.

थोडक्यात, पिलाटेस उत्तम येणाऱ्या माणसापेक्षा मला पिलाटेसमधलं काय गाळायचं हे कळणारं माणूस हवं होतं. म्हणून मी बाईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, रिपोर्टची फाईल पिशवीत ठेवा आणि कुणी स्वतःहून मागतं का ते बघा. नाही मागितली तर पहिल्या व्यायामाआधी तुम्हीच काढा, चाचणीपायी जीव धोक्यात घालायचा नाही. दोन, एकच प्रश्न विचारा : ‘माझं हाड असं आहे, तर तुम्ही मला काय करू देणार नाही?’

बाई चार ठिकाणी जाऊन आल्या.

पहिलं घराजवळचं जिम. वीसेक जणांचा वर्ग, शिक्षक पंचविशीतला, उत्साही आणि वागायला गोड. फाईल त्याने मागितली नाही. बाईंनी काढून दिली तर वरच्यावर चाळून म्हणाला, ‘आंटी, कोअर वीक आहे तुमचा, म्हणून पाठ दुखते.’ प्रश्नाला उत्तर : ‘सगळं करू, फक्त हळूहळू.’ त्यात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. बाई एका कोपऱ्यात बसून वर्ग बघून आल्या. पहिलाच व्यायाम हंड्रेड, डोकं आणि खांदे जमिनीवरून उचलून हात शंभर वेळा वर-खाली.

दुसरं बाणेरचं रिफॉर्मर स्टुडिओ. दहा यंत्रं, भिंतभर आरसे, मंद दिवे. तिथे टॅबलेटवर फॉर्म भरून घेतला, त्यात ‘हाडांचे आजार’ असा चौकोनही होता आणि बाईंनी त्यात खूणही केली. पण तो फॉर्म शिक्षिकेपर्यंत पोचलाच नव्हता, तो रिसेप्शनवरच राहिला. शिक्षिका दर वेळी वेगळी, ज्या वेळेचं ॲपवर बुकिंग मिळेल तिची. प्रश्न विचारल्यावर तिचं उत्तर : ‘नो प्रॉब्लेम मॅम, हे लो इम्पॅक्ट आहे.’ लो इम्पॅक्ट म्हणजे धक्के कमी. हे उत्तर गुडघेदुखीवाल्याला लागू पडलं असतं. मणका धक्क्याने जितका चेपतो तितकाच वाकून भार घेतल्यानेही चेपतो, आणि रिफॉर्मरवर पाठ गोल करून पट्टे ओढले तर धक्का एकही नसतो. या स्टुडिओबद्दल माझं मत वाईट नाही. तिशीतल्या, हाडापेराने धड मुलीला मी तिथे बिनधास्त पाठवीन.

तिसरं ठिकाण माझ्याच व्यवसायातलं. ‘क्लिनिकल पिलाटेस’ अशी पाटी असलेलं फिजिओथेरपी क्लिनिक. इथे फाईल दारातच मागितली गेली आणि उत्तरही चोख मिळालं : पुढे वाकणं नाही, वाकून पिळणं नाही, धावणं-उडी मारणं नाही. मला आशा वाटली. पण प्रत्यक्षात डॉक्टर चार खाटांमध्ये धावत होते, बाईंचा व्यायाम इंटर्न मुलीने घेतला, आणि तो म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, एक रबरी पट्टा आणि छापील कागद. त्यात चूक काहीच नाही, मीही तेच दिलं होतं. पण पाटीवरच्या पिलाटेसमागे दोन दिवसांची कार्यशाळा होती, साधन एकही नव्हतं. बाई मला म्हणाल्या, ‘हे तुमच्याकडे करतेच आहे की, मग रिक्षाचे पैसे कशाला?’ यावर काय बोलणार.

चौथी व्यक्ती मला एका नर्तकी पेशंटमुळे माहीत होती. चाळिशीतली, आधी कथक करणारी. मुंबईला जाऊन-येऊन सगळ्या साधनांचा पूर्ण अभ्यासक्रम केलेला. सहकारनगरच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये एक रिफॉर्मर, एक चेअर, एक छोटं बॅरल. पाटी नाही, फोन लवकर उचलत नाही, तासाचे १८०० रुपये. तिने फोनवरच सांगितलं, ‘काकू, येण्याआधी डेक्साचा आणि एक्स-रेचा फोटो पाठवाल? आणि व्यायामाला डॉक्टरांची परवानगी आहे ना, तीही पाठवा.’ बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच यादी आली : ‘रोलिंगचं काही करणार नाही, पोटाचं डोकं उचलून काही नाही, यंत्रावर उभं राहणं निदान सहा महिने नाही. आणि मला शंका आली तर मी तुमच्या फिजिओला फोन करीन, चालेल ना?’

एवढ्यावरच माझ्यापुरता निर्णय झाला होता. बाईंचा मात्र पहिल्या तासानंतर मला तणतणत फोन आला. ‘अठराशे रुपये देऊन भिंतीला टेकून उभी राहिले मी! यंत्राला हातसुद्धा लावू दिला नाही!’

त्या तासात काय झालं ते मी नंतर दोघींकडून ऐकलं, आणि पुढच्या एका तासाला स्वतः जाऊन बसले, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिने बाईंना भिंतीशी टाचा आणि पाठ लावून उभं केलं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीपासून किती पुढे राहते ते पट्टीने मोजलं. साडेपाच सेंटिमीटर. मग झाडूचा दांडा पाठीवर उभा धरायला लावला, तो डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तीन जागी टेकलेला ठेवून कंबरेतून नव्हे, खुब्यातून वाकायला शिकवलं. बाई आयुष्यभर खालचं सामान पाठ गोल करून उचलत आलेल्या, दांडा दर वेळी सुटायचा. मग शेवटची वीस मिनिटं झोपणं आणि उठणं. काठावर बसायचं, कुशीवर आडवं व्हायचं, अंग एकसंध ठेवून पाठीवर वळायचं, आणि उठताना हेच उलट. रिफॉर्मरवरचा एकेक व्यायाम निवडून-पारखून द्यायचा आणि तास संपल्यावर पेशंट झटक्यात सरळ उठून बसू द्यायचा, हे मी चांगल्या ठिकाणीही पाहिलं आहे. तो उठण्याचा झटका म्हणजे क्रंचच, फक्त त्याला व्यायाम म्हणत नाहीत. या शिक्षिकेने सुरुवातच तिथून केली.

दुसऱ्या आठवड्यात रिफॉर्मर आला. पाठीवर झोपून, पाय आडव्या दांड्यावर, गुडघे वाकवून-सरळ करून सरकती गाडी लोटायची. डोक्याखालचा टेकू सपाट केलेला, पण बाईंच्या पाठीला बाक असल्याने मानेखाली घडी घातलेला पंचा. दोन लाल स्प्रिंगा आणि एक निळी. मला इथे तिचं बारीक लक्ष दिसलं. ती बाईंच्या पायांकडे बघत नव्हती, गाडीच्या आवाजाकडे कान देऊन होती. ‘काकू, गाडी परत येताना टक् असं वाजलं तर स्प्रिंगने तुम्हाला ओढलं. न वाजता आली तर तुम्ही स्प्रिंगला आणलंत.’ पहिल्या दिवशी सतत वाजत होतं. तिने एक स्प्रिंग कमी केली नाही, उलट वेग कमी केला. हात लावण्याआधी दर वेळी ‘हात लावू का?’ असं विचारायची. नंतर लांब खोक्यावर पालथं झोपवून पट्टे मागे ओढायला लावले, छाती जेमतेम चार बोटं वर. पाठ मागे ताणण्याचा हाच तो व्यायाम, ज्यासाठी आपण एवढा खटाटोप केला.

बाईंना हंड्रेड करायचाच होता. मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, ‘आई, हंड्रेड जमतो का?’ शिक्षिकेने तो दिला, पण डोकं खाली आणि पाय दांड्यावर ठेवून, नुसते हात. बाई गणिताच्या. शिक्षिका नव्वदला थांबली तर त्यांनी लगेच पकडलं.

पैशांचा प्रश्न खराच होता. आठवड्याला दोन तास म्हणजे महिन्याला १४,४०० रुपये, जिमचा महिना २,५०० होता. यजमानांनी हिशेब मांडून दाखवला, आणि तो बरोबर होता. तोडगा असा निघाला : पहिले दोन महिने आठवड्याला दोन तास, पुढे एक, आणि बाकीचे दिवस घरी करायचा वीस मिनिटांचा क्रम, जो शिक्षिकेने आणि मी मिळून ठरवला. अशा शिक्षिकेकडे वर्षानुवर्षं रोज जायची गरज नसते. सुरुवातीचे महिने तिच्या नजरेखाली जावेत, एवढंच मी धरून होते.

सहा महिन्यांनंतरची नोंद. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस तीस सेकंदांत ९ वेळा व्हायची, आता १३. डोकं ते भिंत अंतर साडेपाचवरून चार सेंटिमीटर. एका पायावर सहा सेकंद टिकत नव्हत्या, आता सतरा टिकतात. पोळ्या लाटताना दुखणं जवळपास गेलं. उंची तेवढीच, म्हणजे नवीन काही चेपल्याची खूण नाही. या सगळ्याचं श्रेय पिलाटेसलाच देता येणार नाही. हाड टिकवण्याचं मुख्य काम औषध करतं. कंबरदुखीपुरतं बोलायचं तर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५च्या कॉक्रेन आढाव्यातही पिलाटेस काहीच न करण्यापेक्षा बरं, पण इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा नाही, असंच निघालं. तेव्हा उद्या कुणी चांगला योगशिक्षक किंवा वजनांचा प्रशिक्षक हाच ‘नाही’ इतक्या स्पष्टपणे सांगत असेल, तर मी बाईंना त्याच्याकडेही पाठवीन. बाईंना यंत्र आवडलं आणि त्या एकही तास चुकवत नाहीत, हा पिलाटेसच्या बाजूचा मला दिसलेला सगळ्यात मोठा मुद्दा.

सातव्या महिन्यात शिक्षिका घरच्या लग्नासाठी तीन आठवडे गावी गेली आणि तिच्या जागी तिची एक विद्यार्थिनी तास घेणार होती. जाण्याआधी तिने एक पानी चिठ्ठी लिहून बाईंना, त्या मुलीला आणि मला पाठवली. निदान, टी-स्कोअर, डी-१२, औषध कोणतं आणि कधी दिलं. त्याखाली ‘करायचं नाही’ या मथळ्याखाली सात ओळी आणि ‘करायचं’खाली पाच. स्प्रिंगांचे रंग लिहिलेले. शेवटी, ‘पाठीत नवीन, अचानक, टोचल्यासारखं दुखलं तर तास थांबवून डॉक्टरांना फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.’

पहिल्याच तासाला त्या मुलीने सवयीने शेवटी ‘चला, रोल डाऊन करून मोकळं होऊ’ म्हटलं. उभ्याने मणकानमणका गोल करत खाली वाकणं, बहुतेक वर्ग त्यानेच संपतात. बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मुलीने ‘सॉरी काकू’ म्हणत झाडूचा दांडा आणला आणि तास खुब्यातून वाकण्यावर संपवला. आता मी कुणाही हाडं ठिसूळ असलेल्या पेशंटला व्यायामशिक्षकाकडे पाठवते तेव्हा पहिल्या महिन्याच्या आत अशी चिठ्ठी मागते. आतापर्यंत दोघांनी ती द्यायला टाळाटाळ केली, आणि त्यांच्याकडे मी पुन्हा कुणाला पाठवलेलं नाही.